झेडपीची शाळा वाचवायचीय? पहिल्यांदाच उभं राहणाऱ्या पालकांसाठी सुरुवातीपासून

शाळा बंद होणार ही बातमी गावात एकदम येत नाही. आधी दोनपैकी एका सरांची बदली होते आणि जागा तशीच रिकामी राहते, मग केंद्रप्रमुख येऊन शेजारच्या शाळेचं अंतर विचारून जातात, मग कुणीतरी म्हणतं आपल्या मुलांचं समायोजन होणारे म्हणे, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळेत घालणार, आणि तोवर घाबरून निम्म्या पालकांनी दाखले काढून पोरांना इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसवलेलं असतं. म्हणजे आदेश यायच्या आधीच शाळा अर्धी रिकामी. म्हणून कुणकुण लागली त्याच आठवड्यात कामाला लागा, लेखी ऑर्डर येईपर्यंत थांबू नका.

हे सगळं जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथी किंवा पाचवीच्या शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, कारण सगळ्यात जास्त टांगती तलवार त्यांच्यावरच आहे. महाराष्ट्रात 20 पेक्षा कमी पट (पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या) असलेल्या शाळा 2023 मध्ये 15 हजारांच्या घरात होत्या. डिसेंबर 2017 मध्ये 10 पेक्षा कमी पटाच्या 1300 च्या आसपास शाळा बंद करायचा विषय निघाला होता, मग सप्टेंबर 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा मिळून एकच मोठी समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले, पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या अशा शाळांची उदाहरणं देऊन. सरकारं बदलली तरी विषय काही जात नाही. त्यामुळे तुमच्या गावावर आलेली वेळ ही कुणा एका साहेबाच्या मर्जीने आलेली नाही आणि त्याच्याशी भांडून ती जाणारही नाही.

आधी कागद नेमका काय आहे ते बघा

गावात चार जणांकडून चार गोष्टी ऐकायला मिळतात. त्यावर विश्वास ठेवू नका, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला जा आणि साधा लेखी अर्ज द्या की आमच्या शाळेबाबत समायोजनाचा, विलीनीकरणाचा किंवा समूह शाळेचा काही प्रस्ताव आहे का, असेल तर प्रत द्या. अर्जाची दुसरी कॉपी सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊनच बाहेर पडा. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजायचं, हे पुढच्या सगळ्या कामाला लागू.

सोबतच माहिती अधिकाराचा अर्ज टाकून द्या. 2005 चा कायदा आहे, जोडपत्र अ मध्ये अर्ज लिहायचा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा (दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही, कार्डाची झेरॉक्स जोडा), उत्तर द्यायला त्यांना 30 दिवस असतात. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून आमच्यावर कसा अन्याय झालाय वगैरे त्यात लिहीत बसू नका, फक्त कागद मागा. शाळेचा मागच्या 3 वर्षांचा यूडायसमधला (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीतला) पट, त्या वर्षांच्या संचमान्यतेची (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करणाऱ्या आदेशाची) प्रत, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, जवळच्या शाळेचं अंतर दाखवणारा जो काही दाखला फाइलला लावलाय तो, आणि प्रस्तावाची प्रत. एवढंच. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, कंटाळून सोडू नका, कारण अपील झालं की ऑफिसात फाइल निदान टेबलावर येते.

तोवर हातावर हात धरून बसायची गरज नाही. शाळेचा यूडायस नंबर 11 आकडी असतो, आपल्या राज्यातला 27 ने सुरू होतो, शाळेच्या बोर्डावर किंवा दाखल्यावर बहुतेक सापडेल. त्यावरून यूडायस प्लसच्या वेबसाइटवर शाळेची माहिती बघता येते. मुलींचं टॉयलेट चालू आहे की नाही, वर्गखोल्या किती, शिक्षक किती, हे तिथे काय भरलंय ते बघा आणि शाळेत प्रत्यक्ष काय आहे तेही बघा.

पट. सगळं इथेच ठरतं

मोर्चा, निवेदन, पेपरात फोटो, सगळं चालेल, पण साहेबासमोर फाइल उघडली की पहिला प्रश्न येतो पट किती. त्याचं उत्तर तुमच्याकडे नावानिशी असलं पाहिजे.

दोन-तीन दिवस काढा आणि घरोघर फिरा. जन्मलेल्या बाळापासून 14 वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, आत्ता कुठे शिकतोय, एवढं एका वहीत. अंगणवाडी ताईंना सोबत घ्या, त्यांच्या रजिस्टरमध्ये पुढच्या 5 वर्षांत पहिलीत येणारी सगळी मुलं आधीच लिहिलेली असतात आणि त्यांना कुठल्या घरात काय चाललंय हेही माहीत असतं. पहिलीसाठी आपल्याकडे 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण हा हिशोब धरतात, त्याप्रमाणे दर वर्षी किती मुलं दाखल होऊ शकतात याचा तक्ता करा. आज पट 11 असेल पण अंगणवाडीत 17 पोरं असतील तर शाळा मरायला टेकलेली नाही, आणि हे ऑफिसमधल्या माणसाला त्याच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही कारण तिथे फक्त आजचा आकडा असतो, म्हणून तो तक्ता तुम्हीच त्याच्यासमोर ठेवायचा.

आता जी मुलं गावात आहेत पण आपल्या शाळेत नाहीत, त्यांच्या घरी पुन्हा जायचं. इथे खूप जण भावनेवर जातात, आपली शाळा, आपल्या बापजाद्यांची शाळा वगैरे. आईबापाला ते पटतं पण पोराला तिथून काढून इथे घालत नाहीत. त्यांना विचारा की का काढलं. आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, त्यात तो मीटिंगला गेला की शाळा बंदच. टॉयलेटला पाणी नाही. इंग्रजी येत नाही. संध्याकाळी आई मजुरीवरून येईपर्यंत पोरगं कुठे ठेवायचं. व्हॅन दारात येते. ही खरी कारणं असतात आणि यातली निम्मी तरी गाव स्वतः सोडवू शकतं, पंचायतीच्या विकास आराखड्यात पाणी, टॉयलेट, कंपाउंड घालून घेता येतं, गावातली शिकलेली पोरं संध्याकाळी दोन तास अभ्यास घेऊ शकतात. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची झेडपी शाळा, जिला 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारात लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला, तीही कधीकाळी पट कमी म्हणून बंद पडायच्या बेतात होती. तिथे मोठी मुलं लहानांना शिकवतात, विषयमित्र म्हणतात त्याला. प्रत्येक गावाला तसे शिक्षक मिळतीलच असं नाही, पण पट उलटा फिरू शकतो एवढं त्यातून नक्की दिसतं.

पालक तयार झाला आणि पूर्वीची शाळा दाखला देत नसेल, फी बाकी आहे म्हणून अडवत असेल, तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे की दाखला नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, आणि कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. कलम 4 मुळे कधीच शाळेत न गेलेलं 9 वर्षांचं मूलसुद्धा वयानुसार योग्य वर्गात बसतं. वीटभट्टीवर, ऊसतोडीला, रस्त्याच्या कामावर बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं गावात असतील तर त्यांनाही दाखल करा. स्थलांतरित मुलांना प्रवेश देणं हे कलम 9 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्यच आहे. पट वाढतो म्हणून नको, ती मुलं शाळेबाहेर आहेत म्हणून करा, पट आपोआप वाढतो. आणि तुमच्याच गावातली कुटुंबं दिवाळीनंतर तोडीला जात असतील तर मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची मागणी आधीच, सप्टेंबरातच लेखी द्या, नाहीतर जानेवारीत कुणी साहेब येऊन हजेरी बघतो आणि वर्ग रिकामा.

तारीख लक्षात ठेवा, 30 सप्टेंबर. त्या तारखेच्या पटावर यूडायस आणि संचमान्यता ठरते. आणि फक्त नाव रजिस्टरमध्ये असून भागत नाही, पोर्टलवर मुलाचं आधार जुळलेलं लागतं. नावात काना-मात्रेचा फरक, जन्मतारखेत फरक, बोटांचे ठसेच येत नाहीत, अशा कारणांनी मुलं वर्गात बसलेली असतात आणि हिशोबात नसतात. 16 मुलांच्या शाळेत 3 मुलं अशी सुटली तर केवढा फरक पडतो बघा. जुलै-ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांना विचारून यादी घ्या कुणाकुणाचं आधार अडकलंय आणि त्या पालकांना गाडी करून आधार केंद्रावर न्या. या कामाचं कुणी कौतुक करणार नाही, पेपरात येणार नाही, पण मला विचाराल तर सगळ्या लढ्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

एक मात्र अजिबात करू नका. खोटी नावं. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली होती, तेव्हा बोगस पट किती बाहेर आला ते जुन्या लोकांना आठवत असेल. एक खोटं नाव सापडलं की तुमच्या खऱ्या 15 नावांवरही कुणी विश्वास ठेवत नाही, वर मुख्याध्यापकांची नोकरी धोक्यात.

अंतर स्वतः मोजा

शिक्षण हक्क कायद्याखालचे महाराष्ट्राचे 2011 चे नियम सांगतात की पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा 1 किलोमीटर चालत जाण्याच्या अंतरात हवी आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर. याच नियमात 20 मुलांचा आकडा येतो, पण तो शाळा कुठे काढायची यासाठी, 6 ते 11 वयाची 20 मुलं परिसरात उपलब्ध असतील तर. पट 19 झाला की शाळा आपोआप बंद, असं त्यात कुठेही नाही. कुणी तसं तोंडी सांगितलं तर नम्रपणे म्हणा, साहेब हे ज्या कागदात आहे त्याची प्रत द्या.

प्रस्तावात अंतर लिहिलेलं असतं ते बहुतेकदा शाळा ते शाळा. पण मूल शाळेतून निघत नाही, घरातून निघतं. म्हणून वस्तीतल्या शेवटच्या घरापासून नव्या शाळेच्या दारापर्यंत चालत जा, मोबाइलवर अंतर लावा, सोबत एखादं सात वर्षांचं मूल घ्या आणि किती वेळ लागला तेही लिहा. वाटेत ओढा आहे का, पावसाळ्यात किती दिवस पाणी चढतं, हायवे ओलांडावा लागतो का, जंगलपट्टा आहे का, बिबट्या दिसल्याची वनखात्याकडे नोंद आहे का, संध्याकाळी एकट्या मुलीने यावं अशी वाट आहे का. फोटो काढा, शक्यतो पावसात काढलेले. डोंगराळ भाग, पूर, दरड, रस्ताच नसणं अशा ठिकाणी हे अंतर आणखी कमी धरायची तरतूद नियमात आहे आणि लोकांना ती माहीतच नसते, तुमच्या निवेदनात ती ठळक लिहा.

ते म्हणतील गाडीची सोय करू, वाहतूक भत्ता देऊ. लगेच हो म्हणू नका. गाडी कुणाची, वर्षातले किती महिने, पैसे पालकांच्या खात्यावर कधी येणार, गाडी नाही आली त्या दिवशी मुलाने काय करायचं, पहिलीतल्या पोराला सोबत कोण. हे सगळं लेखी मागा. उत्तर आलं तर चांगलंच, नाही आलं तर ते न आलेलं उत्तरसुद्धा पुढे उपयोगी पडतं.

समितीचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव

शाळा व्यवस्थापन समिती ही कागदावरची गोष्ट समजून लोक सोडून देतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिच्यात 75 टक्के पालक लागतात आणि एकूण 50 टक्के महिला. कामकाज बघणं, अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे. म्हणजे शाळेबद्दल अधिकृतपणे बोलायचा पहिला हक्क या समितीचा. आधी बघा समिती खरंच अस्तित्वात आहे का, मुदत संपलीय का, सदस्यांना आपण सदस्य आहोत हे माहीत आहे का. नसेल तर पालकसभा घेऊन नीट नव्याने करा. मग मीटिंग, प्रोसिडिंग बुकात ठराव, सूचक, अनुमोदक, सगळ्यांच्या सह्या. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा, शेजारी नाव.

मग ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या सभेची वाट बघायला वेळ नसेल तर विशेष ग्रामसभेसाठी सरपंचांना लेखी अर्ज द्या. कोरम असतो मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. त्याआधीच्या महिला ग्रामसभेत विषय घ्याच, शाळेच्या बाबतीत बाया जेवढ्या ठाम उभ्या राहतात तेवढं दुसरं कुणी राहत नाही, आणि लहान मुलाला लांब चालवत नेण्याचा भार शेवटी त्यांच्यावरच येणार असतो. पेसा भागात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा वेगळा कायदा लागू असलेल्या) असाल तर तुमच्या पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते, तिचा ठराव वेगळा घ्या, म्हणजे मोठ्या गावातल्या लोकांनी परस्पर होकार दिला असं कुणी म्हणू शकणार नाही.

ठरावाची भाषा साधी ठेवा. नमुना म्हणून असं लिहिता येईल: "आमच्या वस्तीत 6 ते 11 वयाची एवढी मुलं असून पुढील 5 वर्षांत एवढी मुलं पहिलीत दाखल होणार आहेत. प्रस्तावित शाळा शेवटच्या घरापासून एवढ्या किलोमीटरवर असून वाटेत अमुक धोका आहे. सबब आमच्या शाळेचे समायोजन करण्यास ग्रामसभेचा विरोध असून शाळा याच ठिकाणी चालू ठेवावी व रिक्त पद तातडीने भरावे." आकडे, अंतर, धोका, मागणी. विशेषणं नकोत.

निवेदन कुठे द्यायचं

खालून वर जायचं. केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक, मग सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत आमदारांना, झेडपी सदस्य असतील तर त्यांना, शिक्षण आयुक्तांना. एकदम मंत्र्याकडे गेलं की फाइल तिथून पुन्हा खालीच येते, आणि खालचा माणूस दुखावलेला असतो.

निवेदनाबरोबर एक गोष्ट वेगळी करा, ती फार थोडे लोक करतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली लेखी तक्रार. मुलाच्या शिक्षण हक्काबद्दल कुणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, तक्रार करता येते आणि तुमचं म्हणणं ऐकून 3 महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. निवेदनाला उत्तर द्यायचं असं बंधन तितकंसं कुणी मानत नाही, या तक्रारीला मात्र मुदत आहे. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तक्रारीवर सर्वात वर ठळक लिहा की ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खालची तक्रार आहे, नाहीतर ती निवेदनांच्या गठ्ठ्यात जाते.

शिक्षकांना यात पुढे करू नका. त्यांना मनातून शाळा हवी असते, पण वर्तणूक नियमांनी हात बांधलेले असतात आणि पहिला मेमो त्यांनाच येतो. त्यांच्याकडून माहिती घ्या, सही घेऊ नका, भाषण करायला लावू नका. त्यांनी वर्गात नीट शिकवलं तर मोहिमेला त्याहून मोठी मदत नाही. आणि दुसरं पद रिकामं असेल तर ते भरायची मागणी गावाने करा, शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक सांगितलेत. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयावरून राज्यभर शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यामुळे तालुक्यातल्या संघटनांकडे या विषयाचे जीआर आणि जाणकार माणसं असतात, त्यांना भेटाच.

आंदोलन करावं का

करावं, पण कागद तयार झाल्यावर. 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात दरेवाडीच्या मुलांनी शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला, दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या म्हणत. शाळा गेली तर आम्ही पुन्हा शेळ्यांमागे जाऊ हे त्या एका घोषणेत सगळ्या राज्याला कळलं. ती घोषणा त्यांच्या जगण्यातून आली होती म्हणून लागली, दुसऱ्या गावाने तीच उचलली तर लागणार नाही. तुमच्या गावात शाळा गेली की नेमकं काय होणार, ते एका वाक्यात सांगता येतं का बघा.

पोलिस स्टेशनला आधी लेखी कळवा. मुलांना नेणार असाल तर पालक सोबत, पाणी सोबत, उन्हाच्या आत परत, आणि परीक्षेच्या दिवसांत अजिबात नाही. साहेबांच्या ऑफिसच्या आवारात शाळा भरवायची पद्धत आहे, तिथे मुलं पाढे म्हणतात, धडा वाचतात. मला ती आवडते कारण मूल तिथेही शिकतच असतं. पत्रकाराला फोन करताना सर्व्हेचा तक्ता आणि अंतराचे फोटो हातात द्या. पक्षाचे झेंडे बाहेर ठेवा, सगळ्या पक्षांच्या माणसांना बोलवा पण माइक पालकांकडे राहू द्या. गावात दोन गट असतील, असतातच, तर समितीत दोन्हीकडची माणसं पहिल्या दिवसापासून घ्या, नाहीतर एका गटाने केलं म्हणून दुसरा गट पोरं काढून नेतो.

कोर्ट

शेवटी. कोर्ट नेहमी शाळेच्याच बाजूने निकाल देईल असं धरून चालू नका. उत्तर प्रदेशात 2025 मध्ये शाळांच्या विलीनीकरणाविरुद्धची याचिका अलाहाबाद हायकोर्टाच्या एकल पीठाने फेटाळली होती, मग त्याच महिन्यात खंडपीठाने सीतापूर जिल्ह्यापुरती परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितलं. म्हणजे प्रत्येक ठिकाणची वस्तुस्थिती काय आहे याला महत्त्व येतं, आणि ती वस्तुस्थिती म्हणजे वर सांगितलेली तुमची फाइल. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो. अर्ज एखाद्या आईच्या नावाने करा.

स्थगिती मिळाली तर

पेढे वाटा, पण शाळा वाचली असं म्हणू नका, एक वर्ष मिळालंय. तोंडी आश्वासनावर घरी जाऊ नका, लेखी पत्र घ्या आणि ते समितीच्या प्रोसिडिंगला चिकटवा. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा अंगणवाडीची यादी, जूनमध्ये दाखल करायची मुलं, ऑगस्टमध्ये आधार, 30 सप्टेंबर.

पट खरंच दोन-तीनवर आला असेल आणि अंगणवाडीतही कुणी नसेल तर मुलांच्या बाजूने विचार करा. एकट्या मुलाला खेळायला सोबती नाही, गटात शिकणं नाही, ते त्याच्यासाठी चांगलं नाही. तेव्हा लढा गाडीसाठी, सोबतीसाठी, जवळच्या शाळेत नीट सामावून घेण्यासाठी करायचा, आणि पुन्हा मुलं झाली की शाळा सुरू करू असं लेखी मागायचं, इमारत पंचायतीच्या ताब्यात ठेवून अंगणवाडी किंवा अभ्यासिका चालू ठेवायची म्हणजे ती पडीक होत नाही.

बाकी सगळ्यांनी आत्ताच एक काम करा. ज्यांची मुलं यंदा चौथीत आहेत ते पालक पुढच्या वर्षी शाळेत नसतील, आणि बहुतेक ठिकाणी मोहीम तेच चालवत असतात. म्हणून पहिलीतल्या किंवा अंगणवाडीतल्या मुलाच्या आईवडिलांपैकी दोघांना आजच सोबत घ्या, पंचायत समितीत नेऊन कोण कुठे बसतं ते दाखवा आणि सगळ्या पोचपावत्यांचा एक झेरॉक्स सेट त्यांच्याकडे ठेवा.